काकूंचे अनंत

"हात मागे!" काकूंच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की आधी हे ऐकायचं, मग नमस्कार. पोस्टमन असो की काकांचे साहेब, अनंताच्या झाडांजवळून जायचं ते हात पाठीशी बांधूनच. तुमच्याही कॉलनीत अशी एखादी बाई असेल. आमची जरा जास्तच होती.

सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये त्या खाली राहायच्या, आम्ही वर. दिल्लीच्या खाऱ्या पाण्यावर अनंत जगवणं ही काही चेष्टा नाही, पानं पिवळी पडतात. काकूंची तिन्ही झाडं मात्र पुरुषभर उंच, पानं तेल लावल्यासारखी. ताक केलं की पहिलं भांडं झाडांच्या मुळाशी, उरलं तर काकांना. "त्यांचं काय, चहावर भागतं," काकू म्हणायच्या. काका हसायचे. बिचारे, दुसरं काय करणार!

झाडांबद्दल विचारलं की भरभरून सांगायच्या. "फुलं संपली की लगेच छाटायचं. थंडीत कात्री लावलीस तर उन्हाळ्याच्या कळ्याच जातील. तेव्हा बिल्कुल नाही!" सांगणं असं सढळ, पण फूल एकही कुणाला नाही. देवालासुद्धा नाही. झाडावरच पिवळी पडून गळायची.

माझी आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. खालून वास आला की डोळे मिटून पडायची. एकदा म्हणाली, "उशाशी एक असतं तर." मी खाली जाऊन मागितलं.

"वास येतो ना वर?" काकू म्हणाल्या. "मग?" आणि दार लावून घेतलं. अस्सा संताप आला मला!

त्याच वर्षी हिवाळ्यात काका रिटायर झाले. आईला जिन्यावरून उचलून न्यावं लागायचं, म्हणून त्यांचं रिकामं होणारं घर मी मागून घेतलं. काकूंना ते कळलं. "अच्छा," म्हणाल्या, "म्हणजे झाडांवर डोळा होता."

आम्ही सामान खाली आणलं तेव्हा तिन्ही झाडं गुडघ्याएवढी उरली होती. ऐन थंडीत कात्री चालवून काकू नोएडाला मुलाकडे निघून गेल्या होत्या. चुकून म्हणावं, तर त्याचं काय होतं हे त्यांनीच मला शिकवलेलं. मी आईची खाट खिडकीशी लावली. त्या उन्हाळ्यात एक कळी धरली नाही. पावसाळ्याआधी आई गेली. उशाशी बाजारातला मोगरा होता.

पुढच्या उन्हाळ्यात झाडं वेड्यासारखी फुलली. एका सकाळी फाटकात काकू उभ्या. अर्ध्या झाल्या होत्या. मेट्रोनं एकट्याच आलेल्या.

"काका गेले गं," म्हणाल्या. "आणि तिथे अकराव्या मजल्यावर कुंडीत अनंत काही जगेना." बोलता बोलता त्यांचा हात एका फुलाकडे गेला.

"हात मागे, काकू."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात पाठीशी बांधले. झाडांभोवती हळूहळू एक फेरी मारली, वाकून पानं पाहिली.

"फिकी पडताहेत. ताक घालत जा."

"मी विचारलं नव्हतं."

मला नंतर वाईट वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. आईची उशी आठवली की अजून वाटत नाही. काकू निघाल्या, पुन्हा कधी आल्या नाहीत. मी फाटकाशी उभी राहून पाहत होते. कोपऱ्यावर वळेपर्यंत त्यांनी हात सोडले नव्हते.