मधल्या घरातली फुली

नाक्यावरून आणलेल्या निवट्यांची पिशवी हातात तशीच लोंबत होती आणि शेवंताबाई पलंगावरच्या पाटीकडे बघत उभी होती. खाडीच्या चिखलातली ती बोटभर मासळी अजून वळवळत होती. एरवी तिने त्या आधी परातीत ओतल्या असत्या, मासळीवालीला पाठीमागून दोन शिव्या दिल्या असत्या आणि मग चपला काढल्या असत्या. आज चपलाही पायातच राहिल्या.

पाटीवर फुली-गोळ्याची नऊ घरं होती. तिनेच जाताना आखलेली. वरच्या कोपऱ्यात स्वतःची एक फुली मारून तिने पाटी नवऱ्याच्या मांडीवर ठेवली होती. आता नऊच्या नऊ घरं भरलेली होती.

"अवो, कोनी भरली ही?"

नामदेव भिंतीला टेकून बसला होता. डाव्या हाताची बोटं खडूने पांढरी झालेली. त्याने तिच्याकडे बघितलं, मग पिशवीकडे बघितलं. निवट्यांकडे जरा जास्तच वेळ.

शेवंताबाई गोंधळणारी बाई नव्हे. खाडीकाठच्या गावातून ती नावड्याला नांदायला आली तेव्हा नामदेव मिठागरावर कामाला होता. दुपारी त्याची भाकरी घेऊन जायची आणि येताना डोक्यावर मिठाची टोपली घेऊन यायची, ती उन्हात एकदाही अडखळली नाही असं ती स्वतःच सांगते. पुढे मिठागर बंद पडलं, नामदेव तळोज्याच्या एका कंपनीत लागला, शेताच्या जागी बिल्डिंगी आल्या आणि त्यातल्याच एकीच्या दुसऱ्या मजल्यावर ती राहायला गेली. लिफ्टमध्ये अजून भिंत धरून उभी राहते, पण धरते ती लिफ्टला धाक म्हणून. कोणाच्या हळदीला कोण आलं नव्हतं आणि का आलं नव्हतं, हे ती पोरांच्या पोरांची लग्नं झाली तरी सांगू शकते. कापरी आवाजात कोणी खोटं बोललं तर ती "चल, चल" म्हणून त्याला दारातूनच परत धाडते.

होळीच्या आधी नामदेवच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, आणि तेव्हापासून तिला कशाचाच अंदाज लागेना. त्याची वाचा गेली. डावा हात चालतो, डोळे चालतात, घास गिळतो. पण आत काय चाललंय? ती दिवसभर त्याला सांगत बसते. शेजारच्या बिल्डिंगीतलं भांडण, मासळीचा भाव, कोणाच्या सुनेला दिवस गेले. तो मान हलवतो. एक दिवस तिने बघितलं, पंखा सुरू केला तेव्हाही त्याने तशीच मान हलवली होती. त्या दिवशी ती जेवली नाही.

व्यायाम करवणाऱ्या बाईने डाव्या हाताला काम म्हणून पाटी-खडू आणायला सांगितला. फुली-गोळा मात्र शेवंताबाईचं डोकं. पण तिचा एकही डाव पुरा होत नसे. तिने कोपऱ्यात फुली मारावी, त्याने बघत बसावं, तेवढ्यात कुकरची शिट्टी व्हावी, आणि परत येईपर्यंत तिने खेळाचा विषयच सोडलेला असावा.

सोमवारी बेलापूरच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. मागच्या वेळी ते म्हणाले होते, "घरातल्यांनी नीट लक्ष ठेवा. यांना समजतंय असं वाटलं तर बोलण्याचे व्यायाम सुरू करू. नसेल समजत, तर त्यांना उगाच ताण नको. थांबवू." मुलगा हितेश तिला रिक्षात म्हणाला होता, "आई, खरं काय ते सांगायचं हां. आपल्याला वाटतं म्हणून नाय."

खरं काय ते माहीत असतं तर ती डॉक्टरकडे गेली असती कशाला?

तर आज शनिवार होता, आणि पाटी भरलेली होती.

हितेश आतल्या खोलीत घोरत होता. महाप्याच्या कंपनीत त्याची रात्रपाळी. तिने दार ढकललं. "हितेश! पाटीवर तूच खेलला का र बाबांसंगं?"

"हां... खेळलो थोडा. पुढच्या फुल्या माझ्या. आई, झोपू दे ना."

"गोले त्यांचे? त्यांनीच काढले?"

"हां ना." आणि त्याने उशी डोक्यावर घेतली.

म्हणजे नामदेव खेळला. पण खेळला, की नुसते गोळे काढले? खेळणं वेगळं, आणि रिकामं घर दिसलं म्हणून त्यात खडू घासणं वेगळं. तिने पाटी उचलली आणि समोरच्या दाराची बेल दाबली.

समोर शर्मिला राहते. मूळची परभणीकडची, बेलापूरला सरकारी ऑफिसात क्लार्क. नोकरीच्या परीक्षेसाठी तिने तर्काची कोडी एवढी सोडवली, की आता नवरा उशिरा आला तरी ती कोडं सोडवल्यासारखंच त्याला विचारते. सुट्टी होती म्हणून ती केस धुऊन बसली होती. टॉवेल डोक्यावर तसाच घेऊन ती शेवंताबाईच्या घरी आली.

"चार कोपऱ्यांत फुल्या," ती पाटी बघून म्हणाली, "चार बाजूंना गोळे, अन् मधी फुली. दोन्हीकडून तिरप्या ओळी झाल्या. हितेश जिंकला, मावशी."

"त्यो जिंकला ता मना काय करायचाय? ह्यांना समजतंय का, त्या सांग."

"सांगते. पण उलटं जावं लागंल. शेवटून सुरू करायचं, एकेक खूण उचलत मागं."

"उलटा कसा जानार गो? रांधलेली आमटी परत डालीत घालशील काय?"

शर्मिला हसली आणि खाली फरशीवर बसली. फरशीच्या नऊ चौकोनांवर तिने डाव मांडला. फुलीसाठी हिरव्या मिरच्या, गोळ्यासाठी लसणाच्या पाकळ्या. शेवंताबाई बाजूला बसून निवट्यांना राख चोळू लागली. हात रिकामे असले की तिला ऐकू कमी येतं.

"बघा. फुलीच्या दोन ओळी, अन् दोन्ही मधल्या घरातून जातात. मधली फुली जर आधीच असती, तर तिसऱ्या कोपऱ्याला एक ओळ पुरी होऊन खेळ तिथंच संपला असता. पुढं कोण खेळतंय? म्हणून मधली फुली सगळ्यात शेवटी." तिने मधली मिरची उचलली.

"हां. ह्या समजला," शेवंताबाई म्हणाली. समजलं नव्हतं, पण पुढचं ऐकायचं होतं.

"त्याच्या आधी काकांची पाळी. त्यांनी बाजूच्या चारपैकी एका घरात गोळा काढला. कोणता, ते माहीत नाही. पण कोणताही उचला." तिने एक लसूण उचलला. "राहिले तीन. त्यातले दोन समोरासमोर येणारच. वर-खाली नाहीतर डावी-उजवी. अन् त्या दोघांच्या मधलं घर रिकामं!"

"मग?"

"मग काय, तिथं गोळा काढला असता तर काका जिंकले असते की वो. डोळ्यापुढं होतं. त्यांनी मधलं सोडून बाजूचंच घर भरलं." शर्मिलाचा उत्साह एकदम खाली आला. आपण काय सिद्ध केलं ते तिला बोलून झाल्यावर कळलं होतं.

शेवंताबाईचा राखेचा हात थांबला. फरशीवरचे तीन लसूण आणि मधली मोकळी फरशी. तिला आता उलटं जाणंही समजलं होतं, नको तेव्हा.

"म्हंजे नाय समजत त्यांना."

"तसं नाही मावशी..."

"तसाच हाय. जितायचा घर समोर, आन सोरला. लहान पोर बी सोरत नाय."

पलंगावर नामदेव दोघींकडे बघत होता. म्हणजे, त्याचे डोळे त्या बाजूला होते. शेवंताबाईने निवट्या भराभर धुवायला घेतल्या. सोमवारी डॉक्टरांना काय सांगायचं ते तिने मनात एकदा म्हणून बघितलं आणि पाणी इतकं जोरात ओतलं की दोन निवट्या परातीबाहेर उडाल्या.

त्या उचलायला शर्मिला वाकली आणि वाकलेलीच राहिली. "थांबा थांबा. अजून एक पाऊल मागं जाऊ."

"नको गो. बास झाला."

"अवो ऐका तर. त्याच्याही आधी हितेशची पाळी होती. त्यानं कोपरा भरला. एक कोपरा उचला, कोणताबी." तिने मिरची उचलली. "तीन कोपरे राहिले. त्यातले दोन तिरपे समोरासमोर. मधलं घर रिकामं. तिथं फुली मारली असती तर हितेश तेव्हाच जिंकत होता! त्यानं कामून सोडलं?"

शेवंताबाई परात बाजूला सारून पुढे सरकली.

"म्हणजे," शर्मिला म्हणाली, "मधलं घर सोडलं म्हणून काकांना समजत नसंल, तर तुमच्या हितेशलाही समजत नाही. त्यालाबी सोमवारी बेलापूरला न्या."

"त्याला लग्नाच्या टायमालाच न्याला पायजे व्हता," शेवंताबाई म्हणाली, पण लक्ष तिचं तिथे नव्हतं. हितेश इंजिनियर. लहानपणी कॉलनीतल्या पोरांशी खेळताना पहिली फुली धाडकन मध्येच मारायचा, आणि जिंकून नाचायचा. त्याने मधलं घर शेवटपर्यंत सोडलं? ती उठली आणि आत जाऊन त्याची चादरच ओढली.

"आई, काय आहे यार!"

"उठ. मधल्या घरात फुली आधी का नाय मारली?"

"काय?"

"मधल्या घरात! जितत व्हतास ना?"

हितेश डोळे चोळत बाहेर आला. शर्मिला टॉवेलात, आई राखेत, आणि फरशीवर मिरची-लसूण. त्याला वाटलं आपण अजून झोपेतच आहोत. "कुठली फुली? हां, ती. अगं, मी फोनवर होतो, कंपनीचा कॉल चालू होता. बाबा पाटी सारखी मला ढोसत होते, म्हणून टाइमपास मारत होतो एकेक. मध्ये मारायला गेलो की हात धरायचे."

"हात धराचे?"

"घट्ट. दोनदा. मी म्हटलं, चिडचिड करतायत, कशाला टेन्शन द्या. मग बाजूला मारली. शेवटी एकच घर उरलं, तेव्हा गप बसले."

शेवंताबाई पलंगाच्या कडेवर बसली.

"अगो बाय," ती म्हणाली. "देवीचा घर."

कोणाला काहीच कळलं नाही. तिलाही एकदम सगळं आठवलं नाही, आधी आठवला तो पायाखालचा चिखल. मिठागराच्या बांधावर दुपारी भाकरी खाऊन झाली की माणसं काठीने चिखलात नऊ घरं ओढायची. शिंपल्या आणि काटक्या. पण त्यांच्यात मधलं घर गावदेवीचं. आठ घरं भरल्याशिवाय तिथं कोणी हात लावायचा नाही. शेवटी ज्याची पाळी, त्याने देवीला विचारून ते भरायचं. आणि चुकून आधीच कोणी तिथं शिंपली टाकली, तर त्याने उठायचं, मडकं घ्यायचं, आणि सगळ्यांना प्यायला गोडं पाणी आणायचं. चारी बाजूंना खारं पाणी. गोडी विहीर पार लांबच्या टोकाला.

"आमच्या मिठागरावची रीत," ती म्हणाली. "मी इसरलेली. आन मी रोज कोपऱ्यातच फुली मारतंय! का मारतंय, कधी इचारला बी नाय."

"बापरे," शर्मिला म्हणाली. "म्हणजे काकांनी घर सोडलं नाही. राखलं."

"की नुसती सवय?" हितेश म्हणाला. तो डोळे मिटून मान हलवत होता. "हाताला सवय असते ना, आई. समजतं असं नाय म्हणता येणार."

ते त्याचं बोलणं शेवंताबाईला आवडलं नाही, पण खोडताही येईना. हाताला सवय तर तिच्याही होती. आणि तिला तर सगळं समजत होतं, म्हणजे कालपर्यंत तरी तिचा तसा समज होता.

तिने पाटी पदराने पुसली. नऊ घरं आखली. हात धुतले नव्हते, पाटीला राख लागली. मग नामदेवच्या पुढ्यात पाटी धरून, त्याच्या डोळ्यांत बघत, तिने पहिलीच फुली मारली, ती मधल्या घरात.

नामदेवने पाटीकडे बघितलं. काही झालं नाही. शर्मिलाने टॉवेल घट्ट धरला. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. नामदेवची मान हलली, पंख्यासाठी हलते तशी. शेवंताबाई पाटी मागे घेऊ लागली.

मग त्याचा डावा हात उठला. अंगठा मधल्या फुलीवर टेकला आणि त्याने ती घासली. नुसती पुसली नाही, चांगली दाबून, खडूचा कणही राहू नये अशी. मग तोच हात उशाच्या स्टुलाकडे गेला. तिथं स्टीलचा पेला होता, रिकामा. त्याने तो बोटांनी ढकलत ढकलत स्टुलाच्या कडेपर्यंत आणला, तिच्याकडे. आणि तिच्याकडे बघत राहिला.

मग शर्मिला हळूच म्हणाली, "तहान लागली असंल का वो?"

"लागली असेल," हितेश म्हणाला. त्याचा आवाज झोपेतला राहिला नव्हता.

"पानी आनाला लावतोय मना," शेवंताबाई म्हणाली. "दंड."

"आई, नक्की?"

"मना काय ठाव? तहान असंल, दंड असंल. मना वलखतो का नाय, त्या बी ठाव नाय." ती उठली. पेला उचलला. राखेच्या हातांनी तो काळवंडला ते तिला दिसलं, पण पुसायला ती थांबली नाही. "पन देवीचा घर वलखतो. सोमवारी डॉक्टरला येवराच सांगेन. त्याला समजला तर समजला."

माठाकडे जाता जाता ती वळली आणि मोठ्या आवाजात नवऱ्याला म्हणाली, "आन विहिरीवरशी आननार नाय हां! माठातला हाय, गपचूप प्याचा!"

नामदेवची मान हलली. पंखा बंद होता. हितेशने वर बघून खात्री केली.