बायजाबाईच्या पायाचं प्लास्टर

मॉर्फिनचं इंजेक्शन देऊन दोन तास झाले, तरी बायजाबाई ओरडतच होती. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते; सांगलीतल्या आमच्या दवाखान्यात बायकांच्या वॉर्डवर त्या दुपारी मी एकटीच सिस्टर. बायजाबाई वडूजकडची. हळदीच्या पोत्यांनी भरलेल्या गाडीवरून पडून तिची नडगी मोडली होती. सकाळी डॉक्टरसाहेबांनी हाड बसवून मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर घातलं होतं. "बाई जरा रडवी दिसते," असं जाताना म्हणालेही होते.

मी बोटं पाहिली. गरम होती. नख दाबून सोडलं की गुलाबी रंग परत येत होता. इथंच बहुतेक जण निर्धास्त होतात.

"बाई, कसं दुखतंय?"

"आवं सिस्टर, हाड मोडलं तवा बी येवढं दुखलं न्हाई. पोटरी आतनं फुटाय लागलीया. आन् बोटं माजी न्हाईतच, असं वाटतंय."

मी तिच्या पायाचा अंगठा हलकेच वर वाकवला. तिनं किंकाळी फोडली.

हीच धोक्याची खूण. मोडलेला पाय सुजतो. प्लास्टर घट्ट असेल तर सूज आतच दाबली जाते आणि स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो. वरून बोटं ठीक दिसतात, आत स्नायू मरत असतात. काही तास असेच गेले की पाय कापायची वेळ येते.

मी थिएटरच्या दाराशी धावले. साहेब आत ऑपरेशन करत होते.

"तासाभरात येतो. आणि प्लास्टरला हात लावू नका. लढाई चालू आहे, नवीन मिळत नाही."

परत आले. बायजाबाई आता ओरडतही नव्हती, नुसती कण्हत होती. मी प्लास्टर कापायची मोठी कात्री घेतली आणि प्लास्टर वरपासून खालपर्यंत उभं कापलं. आतला कापूसही कातडीपर्यंत कापला, कारण तोही आवळतो. मग दोन्ही कडा फाकवल्या.

अर्ध्या तासानं ती म्हणाली, "सिस्टर, मुंग्या याय लागल्या." मग बोटं हलली.

साहेब आले. कापलेलं प्लास्टर पाहून लाल झाले. पण त्यांनी पोटरी दाबून पाहिली, अंगठा वाकवला. बायजाबाई ओरडली नाही.

"पुढच्या वेळी आधी मला हाक मारा."

"मारली होती, साहेब."

"मग मी आलो नाही, तर कापा."

चार महिन्यांनी बायजाबाई स्वतःच्या दोन्ही पायांवर घरी गेली. त्यानंतर मी शिकाऊ नर्सेसना एवढंच सांगत आले: हाड बसवल्यावर दुखणं वाढत चाललं, तर आधी प्लास्टर सोडवा. रोगी रडवा आहे की नाही, ते नंतर ठरवता येतं.