चार महिने गिळलेल्या कॅप्सूल

माझी आई जाफराबादजवळ कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये वीस वर्षं कामाला होती. दिवाळीनंतर तोंडाला पदर बांधून जायची आणि संध्याकाळी भुवयांवर कापसाची लव घेऊन यायची. घरी आल्यावर चूल, आणि चुलीत कापसाच्या ओलसर पऱ्हाट्या. साठीच्या आतच तिला दम लागायला लागला.

गावच्या डॉक्टरला निदान वगैरे भानगडी नकोच असत. दम लागला, लाव सलाईन. कंबर दुखली, लाव सलाईन. मी शाळेत शिक्षिका, चार बुकं शिकलेली, पण मीही म्हणायचे, "आराम पडतो ना? मग झालं." त्या डॉक्टरइतकीच मी स्वतःवरही चिडून आहे.

एका हिवाळ्यात आईचं बोलता बोलता वाक्य तुटायला लागलं, तेव्हा तिला जालन्याला नेलं. सरकारी दवाखान्यात फुंकर मारून फुप्फुस तपासायचं यंत्र होतं. आम्ही ते पाहिलंही, काचेच्या कपाटात, कुलपात. किल्लीवाले साहेब प्रशिक्षणाला गेलेले. पुढच्या आठवड्यात गेलो, तर साहेब आले होते आणि किल्ली सापडत नव्हती. हे सांगताना त्यांना हसू येत होतं.

मग छातीचे खाजगी डॉक्टर. बाहेर रंगीत माशांची पेटी, आत थंडगार खोली. तीन तास बसलो, तीन मिनिटं भेटलो.

"आजी, बिडी ओढता?"

"न्हाई साहेब! म्या कशाला? म्या जिनिंगमधी..."

साहेबांनी घंटी वाजवून पुढचा पेशंट बोलावला. जिनिंग त्यांच्या प्रश्नात नव्हतं, म्हणून ते उत्तरातही नको होतं.

साहेबांच्या चिठ्ठीवर खालच्या औषधाच्या दुकानातून कॅप्सूलची डबी आणि एक लहानसं प्लास्टिकचं यंत्र मिळालं. "सकाळी एक, संध्याकाळी एक," दुकानदार म्हणाला. बस, एवढंच. आई इमानदारीनं रोज दोन कॅप्सूल पाण्याबरोबर गिळत राहिली. यंत्र तिनं फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवलं. "लईच कोंडलं तर काढू," म्हणाली. मला ते बराबर वाटलं.

दोन महिन्यांनी पुन्हा गेलो. फरक काहीच नाही. साहेबांनी डोस वाढवला.

"औषध रोज घेत नसतील."

"घेते की साहेब, एक बी चुकवली न्हाई."

साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हातारी माणसं असंच सांगतात." आणि मी मान हलवली. माझ्या आईसमोर, त्या दीडशहाण्याला खूश ठेवायला.

चौथ्या महिन्यात भावाच्या लेकीला लस द्यायला आम्ही गावच्या उपकेंद्रात गेल्तो. आई पायरीवर टेकून धापा टाकत होती. तिथली नर्स तिच्याजवळ येऊन बसली.

"मावशी, औषध कसं घेता? करून दाखवा बरं."

आईनं कनवटीची कॅप्सूल काढली, जिभेवर ठेवली आणि पाणी मागितलं.

नर्स हसली नाही. "थुका मावशी, थुका. ही गिळायची न्हाई. यंत्रात टाकून हिच्यातली पावडर तोंडानं ओढायची." मला घरी पिटाळून तिनं यंत्र आणायला लावलं. आधी श्वास सगळा सोडायचा, मग जोरात ओढायचा, दहापर्यंत रोखायचा, शेवटी चूळ भरायची. आईला जमेपर्यंत ती उठली नाही. पंधरा मिनिटं लागली असतील.

पुढच्या भेटीत मी हे साहेबांना सांगितलं. ते खो खो हसले. कंपाउंडरला हाक मारून त्यालाही सांगितलं, "ऐकलं का, आजींनी चार महिने गिळल्या!"

आई हसणं संपेपर्यंत थांबली. आता तिचं वाक्य पुरं होत होतं.

"साहेब, तुमी दाखवलं असतं तर म्या तवाच शिकले असते. त्या पोरीला वेळ व्हता. तुमाला न्हवता."

साहेब मोबाईल बघायला लागले. आम्ही उठलो आणि परत त्या दारात गेलो नाही.

फुंकर मारायची तपासणी शेवटी संभाजीनगरला झाली. फुप्फुसाचं गेलं ते परत येणार नाही, असं तिथल्या डॉक्टर बाईंनी आईला नीट समजावून सांगितलं. आता ती आठवडी बाजारापर्यंत जाते, सावकाश. जिनिंगमधल्या तिच्या जुन्या सोबतिणी आपापली यंत्रं घेऊन आमच्या ओट्यावर येतात. आई त्यांना दटावून म्हणते, "आधी सगळा सोड गं. मंग ओढ."