सीटवर ठेवलेल्या मिठाच्या पिशव्या

जोलीन कुबिचेकचा माणसांच्या बोलण्यापेक्षा वजनकाट्यावर जास्त भरवसा होता, आणि त्यात तिची काही चूक नव्हती. आमच्या गावच्या धान्यकोठारावर ती कित्येक वर्षं मक्याचे ट्रक तोलत होती. "जरासाच जास्त भरलाय" म्हणणारे भलेभले लोक तिच्या काट्यावर खोटे पडलेले तिने पाहिले होते.

दुसरा काटा तिच्या गॅरेजमध्ये होता. चार चाकांखाली ठेवायच्या चार पाट्या, आणि चारही वजनं दाखवणारा एक डबा. नवरा आर्लेन ऑटोक्रॉसच्या शर्यतींत लाल, उघड्या टपाची माझदा गाडी पळवायचा. जुन्या धावपट्टीवर नारिंगी शंकू मांडायचे आणि त्यांच्यामधून एकेकाने गाडी वाकडीतिकडी पळवायची, असा तो खेळ. मिनिटभरात संपतो, पण त्या मिनिटासाठी लोक वर्षभर जीव टाकतात. आर्लेन फक्त चालवायचा. स्प्रिंग किती उंच, चाकं वरून आत किती झुकलेली, पुढून किती फाकलेली, हे सगळं जोलीन ठरवायची. मी शेजारी, डेल, निवृत्त पोस्टमन. अलाइनमेंटसाठी गाडीच्या बाजूने दोरा ताणतात, त्याचं दुसरं टोक धरायचं आणि बोलणी खायची, हे माझं काम.

गाडी तोलताना चालवणारा आत बसलेला असावा लागतो. पण आर्लेन एका जागी टिकणारा प्राणी नव्हता. म्हणून जोलीन त्याच्या वजनाइतक्या मिठाच्या पिशव्या सीटवर ठेवायची. आमच्याकडे जड पाणी मऊ करायच्या मशीनसाठी घरोघरी असतात त्या.

"तुझ्यापेक्षा मीठ बरं," ती म्हणायची. "निदान बडबडत तरी नाही."

लिंकन शहरातल्या राष्ट्रीय स्पर्धेआधीचा शेवटचा सराव रविवारी झाला. आर्लेनची वेळ इतकी वाईट आली की वेळेच्या फलकावरचा आकडा मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. तो गाडीतून सावकाश उतरला आणि म्हणाला, "गाडी बिघडलीय गं. डावीकडे वळते, उजवीकडे वळायचं म्हटलं की अंगावर येते."

जोलीनचा चेहरा उतरला. तिने नुकतंच पुढच्या चाकांचं अलाइनमेंट थोडं बदललं होतं. तिथल्या जेवणात चिली, म्हणजे खिमा-राजम्याचं कालवण होतं, आणि त्यासोबत आमच्याकडे खातात तो दालचिनीचा गोड रोल आर्लेनने माझ्या ताटात टाकला. "घे डेल, तुझ्या पोटात अजून जागा दिसतेय." मी खाल्ला. पडलेले शंकू उचलायची त्याची पाळी आली तेव्हा तो उलट्या बादलीवर बसून राहिला, आणि त्याचे शंकूही मीच उचलले. म्हातारा आळशी झालाय, असं मी मनात म्हटलं.

सोमवारी जोलीनने कामावर रजा टाकली आणि मला हाक मारली. दोरे ताणले. चाकांचा कल मोजला. सगळं जिथल्या तिथे. तिने पुन्हा मोजलं. मग गाडी घेऊन चर्चमागच्या मोकळ्या आवारात स्वतः गोल गोल फिरली, डावीकडून आणि उजवीकडून. परत आली तेव्हा ती आणखीच घाबरलेली होती.

"दोन्हीकडे सारखी वळते रे. मग त्याला काय जाणवतंय? मला न दिसणारं काहीतरी मोडत आलं असेल तर? भर वेगात चाक निखळलं तर?"

"काही निखळत नाही. तू नट आवळतेस तेव्हा ते बिचारे देवाचं नाव घेतात."

ती हसली नाही. रात्रभर तिचा डोळा लागला नव्हता, हे सांगायची गरजच नव्हती. खरं सांगतो, मलाही चैन पडेना. तिच्याकडून चूक होणं हे माझ्या हिशेबात कधी बसलंच नव्हतं.

मंगळवारी तिने सीटवरच्या पिशव्या उचलून बाहेर काढल्या. "आर्लेन, आज तूच बस."

"आत्ता? गवत कापायचंय."

"गवत कुठे पळून जात नाही."

"अगं, पिशव्या आहेत ना! इतकी वर्षं चाललं की."

"आर्लेन."

तो बसला. अंगात सैल जाकीट होतं, आणि गॅरेजमध्ये तर उकडत होतं. जोलीनने डब्याकडे पाहिलं.

"नीट बस."

"बसलोय."

"पाय उचलू नकोस."

"पाय आतच आहेत गं."

तिने त्याला उतरवलं, पिशव्या परत ठेवल्या. आकडा बरोबर, नेहमीचा. पिशव्या काढल्या, त्याला बसवलं. चौतीस पौंड कमी. मिठाची जवळजवळ एक आख्खी पिशवी कमी. काट्यात काही दोष नव्हता. गाडीतही नव्हता.

"कधीपासून?" जोलीनने विचारलं.

आर्लेनने स्टिअरिंगवर हात ठेवले. "उन्हाळ्यापासून. जेवण जात नाही. उजवीकडे स्टिअरिंग ओढताना या कुशीत कळ येते."

"म्हणजे गाडी..."

"गाडी उत्तम आहे, जोलीन. तू माझ्याकडे बघू नयेस म्हणून म्हटलं."

"डॉक्टर?"

"दाखवलं. तपासण्या सांगितल्यात, लवकर करा म्हणाले. मी म्हटलं, स्पर्धेनंतर. बाराच दिवस राहिलेत. कदाचित..." पुढचं त्याने गिळलं. ते काय होतं हे आम्हा तिघांनाही कळलं. कदाचित ही शेवटचीच.

मला वाटलं, आता ती रडेल किंवा त्याला फाडून खाईल. तिने पाना उचलला आणि पुढच्या चाकामागे आडवी झाली. नट सैल केला, चाकाची दिशा ठरवणारा टाय रॉड धरला आणि फिरवत सुटली.

"जो! अगं, काय करतेस?"

ती दुसऱ्या चाकाकडे गेली. तिथेही तेच. तिने आठवडेच्या आठवडे खपून जुळवलेली ती चाकं आता एकमेकांवर रुसल्यासारखी दोन दिशांना तोंडं करून उभी राहिली. अशी गाडी रस्त्याच्या टोकापर्यंतही गेली नसती.

जोलीन उठली. हात ग्रीसने काळे झाले होते. "ही आता लिंकनला जात नाही," ती म्हणाली. "दवाखाना उघडा आहे. डेल, तुझी गाडी काढ."

आर्लेन सीटवरून उठेना. त्याला चाळीस वर्षं ओळखतो, पण असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

"मला भीती वाटतेय, जो."

"मलाही," ती म्हणाली. "ऊठ."