युनानचे डोंगर, पोशीरची पायरी

दुसरं महायुद्ध संपलं त्या हिवाळ्यात माझे धाकटे मामा पोशीरला आमच्याकडे राहायला आले. ते लष्करात ट्रक चालवायचे. ब्रह्मदेशातून चीनकडे नवा रस्ता काढला होता, त्यावरून माल घेऊन ते युनान प्रांतापर्यंत जाऊन आले होते. मी पंधरा वर्षांची, चार इयत्ता शिकून घरी बसलेली. भात झोडण्यातून दुपारी जरा सवड मिळाली की मामांना बोलतं करायचं, एवढाच माझा विरंगुळा.

"निस्ते डोंगर हाईत तिकडं," मामा सांगत होते. "मधी मधी खोलगट मैदानं, त्यात आपल्यासारखीच भातखाचरं. खाली राहतात ते चिनी. वर राहतात ते निराळेच. बोली निराळी, देव निराळा."

"ते वर का राहतात?" मी विचारलं.

"मी बी तेच इचारलं. आमच्यासंगं दुभाषी व्हता. तो म्हनला, आदी ही मैदानं त्यांचीच. मग चीनच्या बादशानं शिपाई धाडले. शिपायांनी हितंच जमिनी कसल्या, बायकापोरं आनली. हे आदीचे लोक सरकत सरकत डोंगरात गेले. आता बाजाराला मोळ्या घेऊन खाली येतात."

"लई लांबची गोष्ट," बाबा म्हणाले.

अंगणात वर डोंगरातल्या ठाकरांच्या वाडीवरची म्हातारी बसली होती. आठवड्याला ती आमच्याकडे लाकडाची मोळी टाकायची. आई तिला सुपातून तांदूळ देत होती.

"लांबची कशाला, दादा," म्हातारी म्हणाली. "आमी बी हितंच व्हतो. तुमच्या मागल्या दाराची पायरी हाय ना, तो आमचा वाघदेव हाय. पालथा घातलाय. माजी सासू सांगायची."

तिच्या आवाजात राग नव्हता. पाऊसपाण्याचं बोलावं तशी ती बोलली. आईच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

मामा उठून पहार घेऊन आले.

"ऱ्हाऊ दे," बाबा म्हणाले. मामांनी ऐकलं नाही.

दगड उलटला तेव्हा खाली ओली माती आणि गांडुळं होती. मी घागरभर पाणी ओतलं. माती वाहून गेली आणि दगडात कोरलेला वाघ दिसला. त्याच्यावर चंद्र, सूर्य. रोज सकाळी मी त्याच दगडावर पाय घासत होते.

आईने पदर डोक्यावर घेतला. "तुमाला ठावं व्हतं?" तिने बाबांना विचारलं.

बाबा म्हणाले, "आजानं बसवला. कुनाला बोलू नको म्हनला व्हता."

दगड निघाला त्याहून मोठा धक्का मला त्या शब्दांनी बसला. माझे बाबा खोटं बोलत नाहीत, अशी सगळ्या गावात ख्याती होती.

दुसऱ्या दिवशी म्हातारीसोबत वाडीवरून चौघे आले. बाबांनी शेताच्या कोपऱ्यात देवाला जागा देऊ केली.

"हितं कोन पुजनार त्याला?" म्हातारी म्हणाली. "आमी आता वरचे."

बांबूला दोराने बांधून त्यांनी वाघ उचलला. बाबा बांधापर्यंत त्यांच्यामागे चालत गेले आणि तिथेच उभे राहिले. मला मात्र पुढे कित्येक दिवस बाबांना जेवायला वाढताना मान वर करता आली नाही.