शेवंताबाईंचा उजवा हात

शेवंताबाईंनी मला पहिली थोबाडीत मारली तेव्हा आमची ओळख होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. बालाघाटहून लालबर्‍याकडे जाणार्‍या रस्त्यावर त्यांचं लेथचं दुकान होतं. तिथे मुख्यतः भातगिरण्यांचे शाफ्ट आणि बुश कातले जायचे. मी माझी जुनी छोटी गाडी घेऊन गेलो होतो. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत वळणावळणाचा मार्ग आखायचा, त्यावर एकेकाने गाडी पळवायची आणि कमीत कमी वेळ लावेल तो जिंकला, असल्या ऑटोक्रॉस शर्यतींचं मला तेव्हा वेड होतं. त्यापायी मी रुंद टायर चढवले होते आणि ते प्रत्येक वळणावर आतल्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरला घासून धूर काढत होते. उपाय मला ठाऊक होता. चाक आणि ते ज्यावर बसतं तो हब यांच्यामध्ये एक जाड लोखंडी चकती बसवली की चाक बाहेर सरकतं. तिला स्पेसर म्हणतात.

"बारा एमएमची चकती कातून द्या," मी म्हटलं.

"मंग नट किती आटे धरन?"

"धरेल दोन-चार."

गालावर काय आदळलं ते मला आधी कळलंच नाही. डोळे उघडले तेव्हा त्या माझ्याकडे बघत होत्या आणि माझ्या गालावर काळं ऑइल होतं.

"दोन-चार आट्यावर चाक लटकते, पोट्ट्या. आन चाकासंग तू. गाडी आत घे. तिथं काहून उभा राह्यला?"

मी गाडी आत घेतली.

शेवंताबाई पन्नाशीच्या, ठेंगण्या आणि रुंद होत्या. साडीवर नवर्‍याचा खाकी शर्ट, केस फडक्यात करकचून बांधलेले, दोन्ही हातांवर लेथमधून उडणार्‍या गरम किसाचे डाग. नवरा वारला तेव्हा मशीन विकत घ्यायला जो माणूस आला त्याला त्यांनी गज घेऊन रस्त्यापर्यंत पिटाळलं आणि दुसर्‍या दिवशी स्वतः लेथवर उभ्या राहिल्या. त्यांच्या रागाचं कारण शोधणारे गावात पुष्कळ होते. कोणी म्हणे विधवा आहे, कोणी म्हणे मूल नाही. त्या स्वतः म्हणायच्या, "मले राग नाही येत. मी दिवसभर लोखंडासंग बोलून राह्यली. लोखंडाले हळू सांगतलं तं ऐकू नाही येत."

एकदा एक जीपवाला बाजारातून आणलेली हलक्या धातूची चकती घेऊन आला. थोडी सैल आहे, तेवढी घट्ट करून द्या म्हणाला. बाईंनी ती ऐरणीवर ठेवली आणि घणाचे दोन घाव घातले. दुसर्‍या घावाला तिचे तुकडे झाले. जीपवाला ओरडायला लागला. "आता ओरडून राह्यला, बरं हाय," बाई म्हणाल्या. "घाटात ओरडाले टाइम नाही भेटत." त्याने त्यांची कॉलर धरली. त्यांनी हातातला घण त्याच्या पायावर सोडला. अंगठा फुटला. मग त्यालाच ऑटोत घालून त्या दवाखान्यात घेऊन गेल्या आणि पट्टी सैल बांधली म्हणून तिथल्या कंपाउंडरच्या अंगावर धावून गेल्या.

पण काम करताना हीच बाई वेगळी व्हायची. माझ्या गाडीसाठी त्यांनी घरून कणकेचा गोळा आणला. तो टायर आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या फटीत चिकटवला, दुसरा बाहेरच्या फेंडरला, म्हणजे चाकावरच्या पत्र्याला. गाडीत चार माणसं बसवली आणि मला स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावलं. मग दबलेली कणीक अलगद काढली, ब्लेडने कापली आणि तिची जाडी व्हर्नियरने मोजली. बाहेर नऊ एमएम मोकळे होते. आत तर कणीक पार फाटली होती.

"आतून वाचवाले गेला तं बाहेरून घासते," त्या म्हणाल्या. "सोयरीक हाय ही. दोन्ही घरं पाहा लागते."

त्यांनी पाच एमएमची चकती कातली, हबवर ती हाताने दाबूनच बसेल इतकी घट्ट. हबचे स्टड, म्हणजे ज्यांवर नट फिरतात ते आट्यांचे दांडे, काढून लांब स्टड ठोकले आणि नट पूर्ण नऊ फेरे घेतो हे माझ्याकडून मोठ्याने मोजून घेतलं. सातव्या फेर्‍याला मी अडखळलो तर पाठीत गुद्दा बसला. त्यानंतर टायर घासला नाही. मी कटंगीला जिंकलो, मग वारासिवनीला. बाई छत्री घेऊन बघायला यायच्या आणि प्रेक्षकांपुढच्या दोरीच्या फार जवळून गाडी नेणार्‍याला उतरल्यावर त्याच छत्रीने बदडायच्या. मला त्या फार आवडायच्या. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

मग मोठी शर्यत आली. नागपूरच्या एका टीमचा माणूस येणार होता आणि आमच्यातला एक जण तो घेऊन जाणार होता. मी तेव्हा राईस मिलमध्ये पोत्यांवर नंबर टाकायचं काम करत होतो. आयुष्यभर तेच करायचं नसेल तर हा एक रविवार होता. मी आणखी रुंद टायर घेतले. ते इतके घासले की कडेचं रबर सालीसारखं निघालं. बाईंनी पुन्हा कणीक लावली, मोजली आणि मान हलवली.

"चकतीनं नाही होत हे. रिमच्या पोटात थाळी कुठं बसली, त्याले ऑफसेट म्हणते. तुह्या रिमची थाळीच चुकीच्या जागी हाय. दुसरे रिम मांगव. आठ दिवस लागन."

"रविवार चार दिवसांवर आहे."

"तं या रविवारी पळू नोको."

मी दुसरीकडून जाड तयार चकत्या मिळवल्या आणि घरीच बसवल्या. टायर घासायचा थांबला. मी मुद्दामच फेरे मोजले नाहीत.

रविवारी शेताच्या कडेला, बंद पडलेल्या एका शेडच्या मागे माझी गाडी उभी होती. सकाळी सरावाच्या दोन फेर्‍या झाल्या होत्या. सगळे लोक मैदानाकडे होते. शेवंताबाई बसने आल्या. फेंडरच्या बाहेर आलेलं चाक त्यांना लांबूनच दिसलं असणार. त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"किती फेरे घेते?"

"नऊ."

त्यांनी हात पुढे केला.

"पाना दे."

"नाही देत. तो माणूस तिकडे बसलाय, बाई. आज मला अडवू नका."

"मराले चालला तू. पाना दे."

मी पाना पाठीमागे धरला. त्यांनी पिशवीतून हातोडा काढला आणि माझ्या गाडीच्या पुढच्या काचेवर उगारला. मी चाकाचा पाना त्यांच्या मनगटावर मारला. भीती दाखवायला नाही, थांबवायला नाही. जोर लावून मारला. ओल्या कापडात गुंडाळलेली वीट पडावी तसा आवाज आला.

त्या किंचाळल्या नाहीत. मनगट भलतीकडेच वळलं होतं, त्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. हातोडा खाली पडला होता, तो डाव्या हाताने उचलला आणि काचेवर घातला. एक, दोन, तीन. तिसर्‍या घावाला अख्खी काच जाळं होऊन आत वाकली. मग लोक धावत आले. त्यांना दिसली ती गाडी फोडणारी एक बाई. दोघांनी त्यांना केसांना धरून ओढलं, एकाने पाठीत लाथ घातली. बाईंनी मोडका हात पदराखाली घेतला होता.

"वेडी आहे ही!" मी ओरडलो. हो, मीच.

फुटक्या काचेची गाडी आयोजकांनी उतरू दिली नाही. नागपूरचा माणूस दुसर्‍याला घेऊन गेला. लोक पांगल्यावर मी चडफडत डावं चाक खोलायला बसलो. पहिला नट तीन फेर्‍यांत हातात आला. दुसराही. तिसर्‍या नटासोबत तुटलेला स्टडच बाहेर आला. सकाळच्या सरावातच तो गेला होता.

आठ दिवस माझी हिंमत झाली नाही. गेलो तेव्हा दुकानात आमच्या मिलचे मुनीमजी बसले होते. बाईंचा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. दवाखान्यात त्यांनी सांगितलं होतं, हात लेथमध्ये गेला. कारण खरं सांगितलं असतं तर पोलीस केस झाली असती आणि मी आत गेलो असतो.

"कितनी बार बोला बाई, मशीन औरतों का काम नहीं," मुनीमजी म्हणाले. "ध्यान कहाँ था?"

मी वाट पाहत होतो. याहून कमी बोलणार्‍यांची डोकी त्या दुकानात फुटली होती.

"हौ," शेवंताबाई म्हणाल्या. "माझंच चुकलं."

एवढं म्हणून त्यांनी डाव्या हाताने मला चहाचा कप दिला. मुनीमजींसमोर बोलायची माझी छाती झाली नाही. मी चहा प्यालो. बाहेर पडताना त्या एवढंच म्हणाल्या, "रिम मांगवले का?"

मनगट वाकडंच जुळलं. पुन्हा त्यांना लेथचं चाक फिरवता आलं नाही. मशीन विकलं गेलं, दुकानाला कुलूप लागलं, आणि बाईमाणसाने मशीनवर उभं राहिलं की काय होतं ते सांगायला गावाला एक उदाहरण मिळालं. ज्या बाईने उभ्या आयुष्यात एक सैल चकती दुकानाबाहेर जाऊ दिली नाही, तिला लोक निष्काळजी म्हणायला लागले. मी ते सहा वर्षं ऐकलं.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. शोकसभेत बुद्धवंदना झाली, मग दोघातिघांनी चार शब्द सांगितले. मुनीमजी उठले आणि म्हणाले, बाई मेहनती होती, बस एक दिन ध्यान चूक गया. मी उभा राहिलो. म्हणालो, लेथवर त्यांचं लक्ष कधीच चुकलं नाही. तो हात मी मोडला. पान्याने मोडला. त्या मला वाचवत होत्या.

मग मुनीमजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बेटा, तेरा दिल बड़ा है. मरनेवाले का दोष कौन अपने सिर लेता है?" मागून एक म्हातारी म्हणाली, "लई जीव होता याचा तिच्यावर."

मी पुन्हा सांगितलं. मग ओरडून सांगितलं. लोक उठून आपापल्या चपला शोधायला लागले.