दहा तारा, चोवीस रेघा

ते वाद्य पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाद्य वाटतच नाही. चार पायांवर उभं केलेलं अरुंद लाकडी टेबल, त्यावर आडव्या ताणलेल्या दहा तारा, पोटाखाली सळया आणि स्प्रिंगांचं जाळं, जमिनीलगत मोटारीत असतात तशी तीन पेडलं. रोह्याजवळच्या वरसे गावातल्या आमच्या हॉलमध्ये ते मांडलं तेव्हा शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "गो ताई, शिलाई मशीन घेतलंस की काय?"

त्याला पेडल स्टील गिटार म्हणतात. माझ्या धाकट्या भावाने ते दोन वर्षं खपून घरच्या घरी बनवलं होतं.

भाऊ रोह्याच्या एका कंपनीत मोजमापाची यंत्रं सांभाळणाऱ्या इन्स्ट्रुमेंट विभागात होता. शिफ्ट नसेल तेव्हा इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा, तीही रॉक, कान फाटतील अशी. सोबत दोन मित्र. एक त्याच्याच कंपनीत फिटर, रोह्याचा. दुसरा पेणजवळच्या खाडीकाठच्या गावातला, मिठागरात राबणाऱ्या घरातला, आता पेणला मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा. भाऊ त्यांना रोहेवाला आणि पेणवाला म्हणायचा, म्हणून मीही तसंच म्हणते. तिघं गणपतीत आणि कंपनीच्या स्नेहसंमेलनात वाजवायचे. मी शाळेत मराठी शिकवते, घरी पुस्तकं वाचते. त्यांची तालीम सुरू झाली की मी मागच्या खोलीचं दार लावून घ्यायची.

एकदा मात्र भाऊ ते दार उघडून आत आला होता. हातात फोन, डोळे चमकत होते. "ताई, ह्यात तारा दाबायच्याच नाहीत! नुसता लोखंडाचा तुकडा टेकवायचा आणि पायाने सूर वळवायचा." मला काही कळलं नाही. तो म्हणाला, "पूर्ण झालं की एकच गोष्ट ऐकवतो. मग कळेल."

आषाढात तो गेला. अचानक, कामावरून आल्यावर. वाद्य तोवर उभं झालं होतं, सळया बसल्या होत्या, तारा चढायच्या होत्या. आणि तारांखालची, सुरांच्या जागा दाखवणारी रेघांची पट्टी तेवढी पेणजवळच्या जोह्याला, गणपतीच्या कारखान्यात रंगवायला दिलेली होती.

मला ती एक गोष्ट ऐकायची होती. आणि खरं सांगायचं तर तिची धास्तीही होती. भावाने हे सगळं फोनवर बघून आणि वहीत गणितं करून बनवलं होतं. शिकवणारा कुणी नव्हता. ते वाजलंच नाही तर? दोन वर्षं तो चुकतच होता असं निघालं तर? गेलेल्या माणसाला चूक दुरुस्त करायची संधी नसते.

विसर्जन झाल्यावर एका रविवारी मी पेणला गेले. पेणवाला स्टँडवर थांबला होता. दोघं एसटीने जोह्याला गेलो. गणपतीच्या कारखान्यात पुढच्या वर्षाच्या पांढऱ्या मूर्ती आताच रांगेने उभ्या होत्या. रंगकाम करणारे काका मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करतात. हात असा की ब्रशचं एक टोक टेकवलं की पापणी उमटते. त्यांनी कागदात गुंडाळलेली पट्टी काढली. काळ्या चकचकीत पट्टीवर चोवीस सोनेरी रेघा, केसासारख्या बारीक, आणि ठरावीक रेघांमध्ये इवली कमळं.

"कमळं माझ्याकडून," काका म्हणाले. "पोर चांगलं होतं, बाई. मन लावून काम केलंय. सगळं नीट करून दिलंय."

पेणवाल्याने पट्टी हातात घेतली, जरा वेळ बघितली आणि काही न बोलता परत गुंडाळली. मला वाटलं, त्याला भरून आलं असेल.

पुढच्या रविवारपासून दोघं आमच्याकडे येऊ लागले. आल्या आल्या भावाच्या फोटोसमोर उभे राहायचे, मग गप्प बसून सुरुवात करायचे. पण ते वाद्य गप्प बसू देईना.

पट्टी बसवून तारा चढवल्यावर पहिला रोहेवाला बसला. तिघांत बोटं सगळ्यात जलद त्याची. उजव्या हाताच्या बोटांत तारा छेडायच्या नख्या, डाव्या हातात लेथवर घडवलेला गोल गुळगुळीत लोखंडी तुकडा, डावा पाय पेडलांवर, उजवा आवाजाच्या वेगळ्या पेडलवर, आणि दोन्ही गुडघ्यांच्या बाजूंना एकेक दांडी. त्याने सवयीने तुकडा तारांवर दाबला. तारा खाली टेकल्या आणि जे काही बाहेर पडलं त्याने काकू पुन्हा दारात आल्या.

"मांजर अडकलंय का गो कुणाचं?"

"काकू, संगीत आहे हे," मी म्हटलं.

"असेल," काकू म्हणाल्या आणि उभ्याच राहिल्या.

"अरे, दाबू नकोस!" पेणवाला ओरडला. "टेकव नुसता. तू काय बोल्ट आवळतोय?"

"मग तू बस ना!"

पेणवाला बसला. डावा गुडघा हलवला की त्याचा उजवा पाय आपोआप दाबला जायचा आणि आवाज एकदम घर हादरवायचा. "आईशप्पथ, हा जेसीबी हाय," तो म्हणाला. "दोन हात, दोन पाय, दोन गुडघे. एक शेपूट असती तर तिलापण काम दिलं असतं."

मी हसले. घरात हसण्याचा आवाज तीन महिन्यांनी झाला होता आणि तो माझा होता, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

त्या रविवारी मी मागच्या खोलीत गेलेच नाही. दोन अनुभवी माणसं एखाद्या गोष्टीत इतकी अडाणी होतात हे बघण्यात विलक्षण मजा होती. पंधरा वर्षांत कमावलेली प्रत्येक सवय इथे आडवी येत होती. तार ओढून सूर चढवायचा नाही, बोट थरथरवायचं नाही, घाई तर मुळीच नाही. दोघं एकमेकांना ढकलून स्टुलावर बसत होते. मीही हळूहळू शिकत गेले. पेडल दाबलं की पोटातली सळई ओढली जाते आणि दहांपैकी एखाद-दोन तारा तेवढ्यापुरत्या चढतात, बाकीच्या जागच्या जागी राहतात. आपल्याकडे मींड असते, पण तिच्यात एक सूर सरकतो. इथे दोन सूर थांबून असताना तिसऱ्याने सरकायचं होतं. हे मला फोनवर वाचून कळलं होतं. ऐकू मात्र येत नव्हतं.

कारण सगळं बेसूर होतं. मोकळ्या तारा सुरात लागायच्या, पण तुकडा पट्टीवरच्या रेघेपाशी नेला की सूर भरकटायचा. वर जाल तसा जास्तच. दोघं म्हणायचे, हात बसला नाही. मग म्हणायचे, तारा नव्या आहेत. मग सळयांचे स्क्रू आवळायचे, सैल करायचे. दोन रविवार गेले, तीन गेले. एकमेकांची थट्टा कमी झाली. तिसऱ्या रविवारी रोहेवाल्याने नख्या काढून डबीत ठेवल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, नुसतं ठेवलं तरी छान दिसतं. वर काच घालून ठेवू. आठवण म्हणून."

पेणवाल्याने मान खाली घातली. मीही "बघू" एवढंच म्हटलं. आत कुठेतरी मला वाटत होतं तेच झालं होतं.

त्या आठवड्यात मी पहिल्यांदा भावाची वही उघडली. तोवर धीर झाला नव्हता. त्याचं अक्षर वाईट, विद्यार्थ्याचं असतं तर मी दोन गुण कापले असते. पण आकडे सुबक होते. एका पानावर पट्टीचं मोजमाप होतं. चोवीस ओळी, प्रत्येक रेघेचं सुरुवातीपासूनचं अंतर मिलिमीटरमध्ये. पहिली रेघ चौतीस पूर्णांक दोन. दुसरी साडेसहासष्ट. तिसरी सत्याण्णव. आणि बाराव्या आकड्याभोवती चौकट: तीनशे चार पूर्णांक आठ, पुढे लिहिलेलं, "इथे तार बरोबर अर्धी. हे चुकलं तर सगळं चुकलं."

मला संगीत येत नाही, पण पट्टी लावता येते. शाळेच्या पिशवीतली पट्टी काढली आणि हॉलमध्ये गेले. सकाळची वेळ होती, शाळेला अजून अवकाश होता. बारावी सोनेरी रेघ भरली दोनशे एकोणतीस मिलिमीटरवर. मी पुन्हा मोजली. मग पहिली मोजली, एकोणीस. दुसरी अडतीस. प्रत्येक रेघ आधीच्या रेघेपासून एकोणीस. वहीत अंतरं वर जाताना कमी कमी होत होती. पट्टीवर सगळी सारखी होती.

शाळेला जायची तयारी तशीच ठेवून मी पेणवाल्याला फोन लावला. मी फोनवर सहसा हळू बोलते. त्या दिवशी बहुतेक ओरडले. "त्याचं बरोबर होतं! वहीत बरोबर आहे! रेघा चुकल्या आहेत!"

पेणवाला म्हणाला, "वहीत बरोबर हाय?"

"चोवीसच्या चोवीस."

"ताई," तो म्हणाला, "आमाला ते पहिल्याच दिवशी दिसलं हुतं."

मी वळून सोनेरी रेघांकडे बघितलं.

"गिटारच्या रेघा सारख्या नसतात, ते कुणालापण कळतं. पण आमाला वाटलं, त्यानंच तसं आखून दिलं. त्याचीच चूक. तुमच्यासमोर कसं बोलायचं? म्हणून कानानं वाजवायला बघत हुतो. पण डोळा गुमान बसत नाय, रेघेकडंच जातो. आणि मग सळयांवरपण भरवसा राह्यला नाय. म्हटलं, रेघा चुकल्या म्हणजे आतलंपण चुकलं असंल."

तीन रविवार आम्ही तिघं एकच गोष्ट मनात धरून त्या टेबलाभोवती बसलो होतो. ते मला सांगत नव्हते आणि मी त्यांना विचारत नव्हते.

पेणवाल्याने त्याच दिवशी जोह्याला जाऊन काकांना विचारलं. काकांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. भावाने दिलेल्या नमुन्याच्या कागदावरच्या रेघा एका बाजूला दाटत गेल्या होत्या. काकांच्या नजरेला ते खटकलं. पोराचा हात घसरला असेल, असं समजून त्यांनी सगळ्या रेघा समान करून दिल्या.

रविवारी काका स्वतः पेणहून गाडीने रोह्याला आले. पिशवीत ब्रश, सोनेरी रंगाची बाटली. दारातच म्हणाले, "बाई, मूर्ती असती तर मी बरोबर होतो. देवाचा एक डोळा पुढे, एक मागे, चालेल का तुम्हाला?"

"नाही चालणार," मी म्हटलं.

"मग? मला काय माहीत गिटारीचा देव तिरळा आहे!"

रोहेवाला इतका हसला की त्याला बाहेर जावं लागलं. तीन रविवारांचं सगळं त्या हसण्यात निघून गेलं.

काकांनी जुन्या रेघा पुसून पट्टी पुन्हा काळी केली, वाळू दिली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सांगा आकडे." मी वही धरून बसले. शाळेत शुद्धलेखन घालते तशी एकेक अंतर सांगू लागले. चौतीस पूर्णांक दोन. साडेसहासष्ट. काका पट्टी लावून खूण करायचे, श्वास रोखायचे, रेघ ओढायचे. रोहेवाला दुसरी पट्टी घेऊन तपासायचा. बाराव्या रेघेला पेणवाल्याने तारेला दोरा लावून तो मधोमध दुमडून बघितला. दोऱ्याचं टोक काकांच्या ब्रशापाशीच आलं. माझा आवाज पुढच्या आकड्याला चढला होता. शेजारच्या काकू खुर्ची घेऊन आत येऊन बसल्या होत्या. चोविसावी रेघ झाल्यावर काका म्हणाले, "कमळं?"

"हवीतच," मी म्हटलं.

रंग वाळेपर्यंत दोघांनी सळया पुन्हा लावल्या, या वेळी वहीतल्या पानावर बोट ठेवून, भावाने लिहिलंय तितक्याच आवळून. मग स्टुलावरून भांडण झालं. रोहेवाला म्हणाला, आधी मी. पेणवाला म्हणाला, "तुझा हात जड हाय. मिठागरात फळीनं मीठ वढताना तळाचा चिखल उठवलास तर आजा पाठीत घालायचा. मला हलका हात मारून मारून शिकवलाय."

"बस मग, मीठवाल्या."

पेणवाला बसला. लोखंडी तुकडा त्याने तारांवर ठेवला असंही म्हणता येणार नाही, इतका अलगद. पाचव्या रेघेवर. तीन तारा छेडल्या. सूर स्वच्छ, भरलेला, हॉलच्या भिंतींना टेकून थांबल्यासारखा. त्याने आमच्याकडे बघितलं नाही. डावा पाय हळूच खाली नेला.

दोन सूर होते तिथेच राहिले आणि त्यांच्या मधून तिसरा वर सरकला. उडी नाही, पायरी नाही. आधीचा सूर कुठे संपला आणि पुढचा कुठे लागला ते सांगता येत नव्हतं. पोहोचला तेव्हा तिघांचा मिळून रंगच वेगळा झाला होता. मग पाय वर आला आणि तो तसाच उतरून आपल्या जागी येऊन बसला.

रोहेवाला माझ्याशेजारी उभा होता. त्याने दोन्ही हात डोक्यावर धरले. "त्याने हे वाजताना कधी ऐकलंच नाही," तो म्हणाला. "नुसत्या गणितावर केलंय हे. बघा ना, ताई, नुसत्या गणितावर!"

पण मला नाही तसं वाटलं. फोन हातात घेऊन माझ्या दारात उभ्या राहिलेल्या माणसाच्या कानात हे तेव्हाच वाजत असणार. नाहीतर कोण दोन वर्षं सळया घासत बसेल?

"पुन्हा," मी म्हटलं.

पेणवाल्याने पुन्हा पेडल दाबलं. काका वाकून पोटातल्या सळया बघत होते, कोणती ओढली जाते ते.

"पुन्हा."

"ताई, कितीदा?" तो हसत म्हणाला. "गाणंपण हाय ना पुढं."

"गाणं नंतर," मी म्हटलं. "मी थांब म्हणेपर्यंत हेच."